सेदलेत्सच्या अस्थिघरात माणसं नेताना
युरोपच्या सहली काढणाऱ्या मराठी आयोजकांना आणि टूर मॅनेजरांना खुले पत्र

स. न. वि. वि.

मध्य युरोपच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रागनंतर कधीकधी एक ओळ असते : 'कुत्ना होरा, हाडांचे चर्च'. शेजारी कवटीचं चित्र, क्वचित 'थरारक अनुभव' असे दोन शब्द. तिथे पोचल्यावर बसच्या माईकवरून काय सांगितलं जातं तेही मी ऐकलं आहे. आत चाळीस हजार माणसांची हाडं आहेत, हाडांचं झुंबर आहे, पंधरा मिनिटांत परत या, पुढे जेवणाची वेळ आहे. त्यापलीकडे काही नाही. खाली जायचं, झुंबराखाली उभं राहायचं, 'बाप रे' म्हणायचं आणि बाहेर यायचं. डोक्यावर त्याच इमारतीचा दुसरा अर्धा भाग आहे याचा पत्ता कुणालाच नसतो.

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आयुष्य काढलं आहे. जुन्या इमारती कशासाठी बांधल्या गेल्या हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्याकडे बघणं मला जमत नाही. सेदलेत्सची ही इमारत तर कशासाठी बांधली हे कळल्याशिवाय दिसतच नाही, नुसती हाडं दिसतात. म्हणून हे पत्र. तुम्ही तिथे माणसं नेता, आणि तुम्ही जे सांगाल तेवढंच बहुतेकांपर्यंत पोचतं. थोडं जास्त सांगा, एवढीच माझी विनंती आहे. काय सांगावं तेही लिहितो.

सुरुवात चर्चपासून करू नका, दफनभूमीपासून करा. प्रागच्या पूर्वेला सुमारे सत्तर किलोमीटरवर सेदलेत्स येथे ११४२ साली सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या भिक्षूंचा मठ स्थापन झाला. बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेकियाच्या पश्चिम भागातला, त्या पंथाचा हा पहिला मठ. तेराव्या शतकात मठाच्या जमिनीलगत चांदी सापडली आणि बघता बघता खाणकामगारांची वस्ती उभी राहिली. तीच कुत्ना होरा. १३०० च्या सुमाराला राजा दुसरा व्हाक्लाव्ह याने इथे टांकसाळ एकवटली, आणि इथल्या चांदीचे 'प्राग ग्रोशेन' हे नाणे मध्य युरोपभर चालू लागले. एका काळी प्रागखालोखाल महत्त्वाचं असलेलं हे शहर होतं. जमिनीखाली राबणारी माणसं, त्यांची कुटुंबं, लोहार, सुतार, बाजारकरी अशी गर्दी तिथे लोटली. ही माणसं मेल्यावर यायची ती सेदलेत्सला.

आणि ती फक्त जवळची माणसं नव्हती. परंपरा अशी सांगते, की १२७८ मध्ये इथला मठाधिपती राजा दुसऱ्या ओटाकारच्या कामगिरीवर जेरुसलेमला गेला आणि परतताना गोलगोथाच्या टेकडीवरची मूठभर माती घेऊन आला. येशूला जिथे क्रुसावर चढवलं ती ही टेकडी. ती माती त्याने सेदलेत्सच्या दफनभूमीवर पसरली. झालं, ही भूमी पवित्र ठरली आणि दूरदूरचे लोक इथे पुरलं जावं अशी इच्छा धरू लागले. काशीत देह ठेवावा ही आस आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्यामुळे ही गोष्ट सांगितली तर तुमच्या बसमधल्या एकाही माणसाला ती परकी वाटणार नाही. हे आधी सांगा, मग कवट्यांकडे बघण्याची नजरच बदलते.

मग आली संकटं. १३१८ च्या दुष्काळात इथे तीस हजार माणसं पुरली गेली असा इतिवृत्तातला आकडा आहे. मध्ययुगीन आकडे जपून घ्यावेत, पण त्या साली काहीतरी भयंकर घडलं होतं हे नक्की. तीस वर्षांनी प्लेग आला. पुढे पंधराव्या शतकात यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांची हुसाइट युद्धं पेटली आणि १४२१ मध्ये मठ जाळला गेला. अस्थिघरात काचेच्या कपाटात काही कवट्या ठेवल्या आहेत, त्यांवर शस्त्रांचे घाव स्पष्ट दिसतात. त्या कवट्यांसमोर लोक झुंबराइतके थांबत नाहीत. थांबायला हवं.

गेल्या काही वर्षांत या इमारतीच्या दुरुस्तीच्या निमित्ताने आजूबाजूची जमीन खणली गेली, तेव्हा पुरातत्त्वज्ञांना अनेक सामूहिक कबरी सापडल्या. काही दुष्काळाच्या काळातल्या, काही प्लेगच्या. खड्डे घाईने भरलेले नव्हते, देह रांगेने, थरावर थर नीट ठेवलेले होते. एकेका दिवशी इतके मृत्यू होत असतानाही कुणीतरी हात-पाय सरळ करून माणसाला शेजारच्या माणसाजवळ निजवत होतं. इतिवृत्तातल्या तीस हजारांपेक्षा मला हे जास्त बोलकं वाटतं.

आता इमारत. १४०० च्या सुमाराला या दफनभूमीच्या मधोमध 'सर्व संतांचं' चर्च बांधलं गेलं. ते पहिल्यापासूनच दुमजली आहे. खालचा मजला अर्धा जमिनीत, तिथे अस्थी. वरचा मजला प्रार्थनेचा. हा आराखडा केवळ सेदलेत्सचा नाही. मध्ययुगीन युरोपात, विशेषतः जर्मन भाषक प्रदेशात आणि बोहेमियात, दफनभूमीतल्या अस्थिघरांचा हा ठरलेला नमुना होता. त्यामागचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. चर्चभोवतीची पवित्र केलेली जमीन मोजकी असे आणि गावातल्या प्रत्येकाला तिथेच पुरायचं असे. त्यामुळे कबर ही कायमची जागा नव्हती. काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्यासाठी उघडली जाई आणि आधीच्याची हाडं निघत. ती हाडं टाकून द्यायची नाहीत, पवित्र हद्दीबाहेर न्यायची नाहीत, कारण अंतिम दिवशी देह पुन्हा उठणार ही श्रद्धा. मग त्यांना छप्पर हवं, आणि त्यांच्यासाठी कुणीतरी रोज प्रार्थना करायला हवी. खाली अस्थी, वर वेदी. वर पाद्री मृतांसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, म्हणतो, तेव्हा ते मृत नेमके त्याच्या पायांखाली असतात. इतका सरळ विचार आहे, आणि इमारत तो विचार जशाच्या तसा बांधून दाखवते.

म्हणून वरचा मजला न बघता परत येणं म्हणजे ही इमारत अर्धीच बघणं. वर उंच खिडक्यांतून उजेड येतो, भिंती पांढऱ्या आहेत, गर्दी जवळजवळ नसते. खालचा कोंदट, थंड अंधार अनुभवून पायऱ्या चढलात की शरीरालाच कळतं की हा फरक मुद्दाम केलेला आहे. बांधणाऱ्यांना लोकांनी खालून वर यावं असं वाटत होतं. तुमचे प्रवासी खालून थेट पार्किंगमध्ये जातात.

दर्शनी भागाबद्दल तर मला जरा थांबूनच लिहायचं आहे, कारण तो भाग मला या सगळ्या वास्तूत सर्वात आवडतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ही जुनी इमारत पुढे झुकू लागली होती, पुढची भिंत बाहेर कलत होती. दुरुस्तीचं काम आलं यान ब्लाझेय सांतिनी-आइखेल या वास्तुकाराकडे. १६७७ मध्ये प्रागमध्ये जन्मलेला, इटालियन वंशाच्या पाथरवटांच्या घराण्यातला हा माणूस शरीराने अपंग होता आणि उण्यापुऱ्या शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याने बोहेमिया आणि शेजारच्या मोराव्हियाचा चेहरा बदलला. त्या काळात युरोपभर अलंकृत बरोक शैलीची चलती होती आणि टोकदार कमानींच्या मध्ययुगीन गॉथिकला लोक जुनाट म्हणत होते. सांतिनीने जळालेल्या, पडलेल्या गॉथिक वास्तू दुरुस्त करताना त्यांची गॉथिक भाषाच उचलली आणि ती आपल्या काळाच्या लयीत बोलून दाखवली. जवळच असलेल्या मठाच्या भव्य चर्चचंही त्याने तेच केलं. १४२१ पासून ते पावणेतीनशेहून अधिक वर्षं भग्नावस्थेत पडून होतं. आज ते कॅथेड्रल कुत्ना होराच्या जुन्या शहराबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, १९९५ पासून.

अस्थिघराच्या पुढच्या भिंतीला नुसता टेकू देऊन त्याला मोकळं होता आलं असतं. त्याने त्या टेकूचंच नवं प्रवेशद्वार केलं. पुढे एक जाडजूड भाग जोडला, जो झुकणाऱ्या भिंतीला आधार देतो, आणि त्याच भागातून माणसं आत येतात. आपण दारातून आत जातो तेव्हा खरं तर तीनशे वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीच्या आत उभे असतो. दुरुस्तीची गरज आणि प्रवेशाचं सौंदर्य अशी एकाच दगडात बसवणारा वास्तुकार विरळा. जुन्या वाड्यांना सिमेंटचे खांब लावून विद्रूप केलेलं आपण रोज बघतो, त्यामुळे मला सांतिनीच्या या दारापाशी नेहमी जास्त वेळ लागतो.

आता हाडांच्या रचनेकडे येतो, कारण तुमचे प्रवासी त्यासाठीच येतात. इथे दोन वेगवेगळ्या काळांतली दोन वेगवेगळी कामं एकमेकांत मिसळली आहेत, आणि ती वेगळी करून सांगितली नाहीत तर सगळाच गोंधळ होतो.

पहिलं काम जुनं आहे. परंपरेनुसार १५११ मध्ये एका अंध होत चाललेल्या भिक्षूने दफनभूमीतून निघालेली हाडं खाली आणून रचायला सुरुवात केली. खालच्या मजल्याच्या चार कोपऱ्यांत आज जे घंटेच्या आकाराचे प्रचंड ढीग दिसतात, ते या जुन्या परंपरेतले. कवट्या आणि लांब हाडं थरांनी रचलेली, वर लाकडी, सोनेरी मुकुट टांगलेले. देवाच्या सिंहासनासमोर जमलेला अगणित जनसमुदाय, असा त्यांचा अर्थ. कोण खाणकामगार, कोण भिक्षू, कोण प्लेगने गेलेलं लेकरू, हे तिथे सांगता येत नाही. सगळे एकत्र, सगळ्यांवर मुकुट.

दुसरं काम १८७० चं. सम्राट दुसऱ्या जोसेफच्या काळात मठ बंद पडला, मालमत्ता पुढे श्वार्झेनबेर्ग या सरदार घराण्याकडे आली. त्यांनी फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराला या हाडांची सजावट करायला सांगितलं. झुंबर त्याचं. कमानींवरून लोंबणाऱ्या कवट्यांच्या माळा त्याच्या. पायऱ्यांजवळचे हाडांचे मोठे चषकही त्याचेच. माणसाच्या शरीरातलं प्रत्येक प्रकारचं हाड त्या झुंबरात निदान एकदा तरी वापरलं आहे असं सांगतात. काम संपल्यावर त्याने भिंतीवर स्वतःचं नाव, गाव आणि साल लिहिलं : रिंट, चेस्का स्कालित्से, १८७०. तेही हाडांनीच.

रिंटच्या हाताला तोड नव्हती यात शंका नाही. तरी माझं मत स्पष्टपणे सांगतो. चार कोपऱ्यांतले ढीग ही प्रार्थना आहे, रिंटचं काम ही सजावट आहे. आणि त्यात एक गोष्ट मला कायम खुपते. त्याने श्वार्झेनबेर्ग घराण्याचं राजचिन्ह हाडांत घडवलं आहे. त्या चिन्हात एक कावळा तुर्काच्या छिन्न मस्तकाचा डोळा टोचतो. १५९८ मध्ये या घराण्यातल्या अडोल्फने हंगेरीतला ग्यॉरचा किल्ला ऑटोमन तुर्कांकडून परत घेतला, त्या पराक्रमाची ही खूण. ज्या माणसांना त्या सरदारांचं नाव माहीत असण्याचंही कारण नव्हतं, जी दुष्काळात उपाशी मेली, त्यांच्या हाडांनी धनाढ्य मालकाची विजयमुद्रा घडवायची, हे मला पटत नाही. पण हे एकाच वेळी रिंटच्या काळाचंही दस्तऐवज आहे. सांगताना दोन्ही सांगा. 'इथे कलाकाराने कमाल केली आहे' एवढ्यावर थांबू नका.

२०१४ पासून इमारतीचं मोठं जतनकार्य चालू झालं. ते कोपऱ्यांतले ढीग हाड-हाड उतरवून, स्वच्छ करून पुन्हा रचण्याचं कामही त्यात आहे. इतक्या हाडांना हात लावताना तिथल्या लोकांनी तो मृतांना पुन्हा नीट निजवण्याचा विधी मानला, असं मला त्या कामाची रीत बघून वाटलं. म्हणून २०२० पासून तिथल्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या स्थानिक व्यवस्थेने, परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी केली तेव्हा मला आनंद झाला. लोक कवट्यांना टोप्या आणि गॉगल घालून सेल्फी काढू लागले होते, त्यांना कवटाळत, चुंबत होते. ही बंदी का आली, ते बसमध्ये सांगा. नुसतं 'फोटो अलाउड नाहीत, नियम आहे' असं सांगितलं की लोक मोबाईल कमरेशी धरून चोरून काढतात. का ते कळलं की बहुतेक जण आपणहून ठेवून देतात, हे मी पाहिलं आहे.

आपल्या लोकांना हे समजावणं अवघड आहे असं मात्र मानू नका. दहनानंतर तिसऱ्या दिवशी राख सावडायला आपण स्मशानात जातो. निखाऱ्यांवर दूध-पाणी शिंपडून अस्थी वेचून मडक्यात ठेवतो, ते मडकं घरात न आणता बाहेर बांधतो आणि मग नाशिकच्या रामकुंडात किंवा आपल्या नदीत विसर्जित करतो. अस्थी म्हणजे आपल्या माणसाचं शेवटचं उरलेलं रूप, त्याची हेळसांड होऊ नये, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि अस्थिघराची रीत आपल्यापासून फार लांबही नाही. मुंबईतल्या अनेक कॅथलिक दफनभूमींत जागा अपुरी पडते म्हणून कबर काही वर्षांनी पुन्हा वापरली जाते आणि अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या जातात, वर नावाची पाटी बसते. गोव्यातही ही पद्धत आहे. तुमच्या बसमध्ये वांद्र्याचं किंवा म्हापशाचं एखादं कुटुंब असेल, तर ते सेदलेत्स तुमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगू शकेल. त्यांना बोलू द्या.

ऑस्ट्रियात हालश्टाटला तुम्ही बहुतेक जाताच, तळ्याच्या काठचं ते फोटोतलं गाव. तिथल्या मुख्य चर्चमागे, संत मायकेलच्या चॅपेलखाली, एक छोटं अस्थिघर आहे. डोंगर आणि तळं यांच्या चिंचोळ्या पट्टीत कबरींना जागा नव्हती, म्हणून काही वर्षांनी कवट्या बाहेर काढून स्वच्छ करत आणि रंगवत : फुलांची माळ, पानं, मृताचं नाव. अशा बाराशेच्या आसपास कवट्या तिथे आहेत, निम्म्याहून अधिक रंगवलेल्या. शेवटची १९९५ मध्ये ठेवली गेली. सेदलेत्समध्ये सगळे अनामिक आहेत, इथे रंगवलेल्या कवट्यांना नावं आहेत. दोन्ही गावं एकाच सहलीत असतील तर ही दोन अस्थिघरं एकमेकांशेजारी ठेवून सांगता येतात. तेवढं सांगितलंत तर तुमच्या सहलीतल्या लोकांना युरोपच्या मृत्यूविषयी काहीतरी कळेल, जे कुठल्याही राजवाड्यात कळत नाही.

आता नेमकं काय करावं ते.

कार्यक्रमपत्रिकेतून 'थरारक' आणि कवटीचं चित्र काढा. 'सेदलेत्सचं अस्थिघर आणि सर्व संतांचं चर्च' असं लिहा, खाली एक ओळ : 'ही दफनभूमी आहे, शांतता राखावी'. चर्चभोवती आजही गावकऱ्यांच्या कबरी आहेत, त्यांवर ताजी फुलं असतात. तिथे मोठ्याने हाका मारत गट जमवू नका.

बसमध्ये पोचण्याआधी, आदल्या रात्रीच हॉटेलात सांगा की उद्या आपण कुठे जातो आहोत. काही ज्येष्ठांना दफनभूमीत गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवणं नको वाटतं. त्यांना हसू नका आणि त्यांचं जेवण तिथून निघाल्यावर लगेच ठेवू नका. नुकतंच कुणी जवळचं माणूस गमावलेलं असेल तर त्याला खाली जाण्याची सक्ती वाटू नये. तो कॅथेड्रलमध्ये बसू शकतो, ते थोड्या अंतरावर आहे आणि एकत्र तिकिटात दोन्ही बघता येतं.

पंधरा मिनिटं देऊ नका. निदान एक तास द्या, कॅथेड्रल धरून दीड तास. आधी दाराशी सांतिनीची दुरुस्ती दाखवा, मग खाली न्या, कोपऱ्यांतले ढीग आधी, झुंबर नंतर. घाव पडलेल्या कवट्यांपाशी थांबा. शेवटी वरच्या मजल्यावर न्या आणि तिथे बोलू नका. पाय दुखणाऱ्यांसाठी पायऱ्या किती आहेत ते आधीच विचारून ठेवा.

हाडांवर नाणी फेकायची सवय काही पर्यटकांना आहे. तुमच्या गटात ती कुणी करू नये, एवढं पाहा. दान द्यायचं असेल तर जतनकार्यासाठी तिथल्याच पॅरिशला रीतसर देता येतं.

ज्यांना सहलीची बस नको असेल अशांना, म्हणजे प्रागमध्ये शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना, हे पत्र कुणी दाखवलं तर एवढंच सांगा : प्रागच्या मुख्य स्टेशनवरून कुत्ना होराच्या मुख्य स्टेशनला साधारण तासाभरात गाडी पोचवते, आणि ते स्टेशनच सेदलेत्समध्ये आहे. तिथून अस्थिघर चालत जाण्याइतकं जवळ.

पुढच्या हंगामाच्या पत्रिका छापायला जाण्याआधी हे वाचाल अशी आशा आहे. कुणाला गाइडसाठी लहानसं टिपण मराठीत हवं असेल तर मी आनंदाने लिहून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वास्तुरचनाकार, पुणे